३५६ किलोची खंडी

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, कापूस क्विंटलने येतो आणि रुई खंडीने जाते. काट्यावर कास्तकाराची गाडी चढली की पावतीवर किलो लिहायचे. संध्याकाळी शेठला दलालाचा फोन आला की बोलणं सगळं खंडीत. गाठ १७० किलोची आणि खंडी ३५६ किलोची. दोन गाठी बांधल्या तरी कागदावर सोळा किलो उरतातच. हिशेबाला नवीन लागलेला पोरगा हमखास विचारतो, "ताई, सरळ साडेतीनशे करून टाकत कायले नाई?"

करता येत नाही, कारण ही खंडी मुळात किलोची नाहीच. ती ७८४ पौंडांची आहे. इंग्रजांचा हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, असे सात. मुंबईच्या कापूसबाजारात इंग्रजी अमलात हे वजन बसलं. पुढे इंग्रज गेले, १९५८पासून मेट्रिक मापं आली, शेर-मण म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरते उरले. खंडी तेवढी हलली नाही. दारव्हा तालुक्यातल्या माझ्या टेबलावर, टॅलीच्या स्क्रीनवर, ती आजही रोज हजर असते.

मी इतिहासात बी.ए. केलं, गावाहून एसटीने ये-जा करून. जगाच्या इतिहासाचा एक पेपर होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचे परिणाम लिहा, गुण दहा. आम्ही लिहायचो: गुलामगिरी संपली, संघराज्य टिकलं, उद्योग वाढले. पैकीच्या पैकी नाही, पण पास होण्यापुरते मिळायचे. त्या उत्तरात वऱ्हाडचं नाव लिहायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, आणि पुस्तकातही नव्हतं. खरं तर परिणामांच्या यादीत आम्ही बरेच वर यायला हवे होतो.

कारण आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय. गाव म्हणजे जुनं, आपल्याच तंद्रीत चाललेलं. वाडवडिलांपासून जे आहे ते तसंच. आणि बाहेरचं जग आलं ते आधी टीव्हीतून, मग मोबाइलमधून. पुण्या-मुंबईला गेलेले आमचेच लोक दिवाळीत येऊन हे जास्त जोरात सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. जग आमच्या गावात मोबाइलच्या दीडशे वर्षं आधी आलेलं आहे. ते कुणी पाहुणा म्हणून आलं नाही, भाव म्हणून आलं.

एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण भांडायला उठले. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेचं पीक म्हणजे कापूस, आणि तो पिकवायला तिथं गुलाम. सगळ्या अमेरिकेत मिळून जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम होती. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस या दक्षिणेतून यायचा. तो अडकला. गिरण्या थांबल्या, मजूर उपाशी पडले, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी नकाशावर दुसरा कापूस शोधायला घेतला. हिंदुस्थानचा कापूस त्यांना आधीपासून माहीत होता, पण त्यांच्या मते तो आखूड धाग्याचा, कचऱ्याचा, भेसळीचा. नाइलाज झाला तेव्हा तो चांगला वाटू लागला. (ओलावा जास्त आहे म्हणून नाकारलेली गाडी बाजारात आवक कमी झाली की कशी पास होते, ते मी रोज बघते. त्यामुळे यात मला नवल वाटत नाही.)

वऱ्हाड तेव्हा नुकतंच इंग्रजांच्या हाती आलेलं होतं. १८५३च्या तहात हैदराबादच्या निजामाने ते सोडून दिलं. कारण काय, तर इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या पगाराची थकबाकी. म्हणजे आमचा प्रांत एका अर्थी गहाण पडला. कर्जापायी जमीन जाणं ही गोष्ट इथं कास्तकाराच्या आधी राजाच्या बाबतीत घडली आहे. त्याच वर्षी १६ एप्रिलला मुंबई ते ठाणे रेल्वे धावली. या दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या हा निव्वळ योगायोग असेल, पण पुढं त्या दोन्ही एकाच कामाला लागल्या.

भाव तिप्पट-चौपट चढले. मुंबईत पैसा एवढा आला की ठेवायचा कुठं कळेना. समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर सट्टा झाला. त्या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतला. मी पहिल्यांदा तो बघितला तेव्हा सोबतच्या मैत्रिणी फोटो काढत होत्या आणि माझ्या डोक्यात रुईचा उतारा, म्हणजे किती कापसातून किती रुई निघते तो हिशेब, चालला होता. आमच्याकडच्या किती बंड्या कापूस त्या दगडांत गेला असेल, ते काढायला काही साधन नाही.

मग ९ एप्रिल १८६५ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपलं. जगाला आनंद व्हावा अशी गोष्ट, गुलाम सुटले. कापसाचा भाव मात्र कोसळला. १ जुलै १८६५, वायद्यांचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, हिशेब चुकता करायचा दिवस, मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदही बुडाला. पण मुंबईचे व्यापारी बुडाले याच्या कथा आहेत, पुस्तकं आहेत. जास्त भाव बघून ज्यांनी ज्वारीचं वावर पऱ्हाटीखाली आणलं, त्यांचं काय झालं हे सावकारांच्या वह्यांत आणि कोर्टाच्या दप्तरात विखुरलेलं आहे. तिकडे पुणे-नगर भागात १८७५ साली सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळायला सुरुवात केली, त्यामागेही या कापसाच्या पडझडीचा हात होता.

एक गोष्ट मात्र मला नेहमी थांबवते. त्या युद्धाकडे महाराष्ट्रातून भावाशिवाय दुसऱ्या नजरेनेही कुणी बघत होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त केलं. एकच बातमी. मुंबईच्या दलालाला तिच्यात मंदी दिसली, पुण्याच्या माळ्याला तिच्यात शूद्रातिशूद्रांची सुटका. आमच्या गावात आज फुले जयंतीला जो मांडव पडतो आणि भीमजयंतीला जी मिरवणूक निघते, तिचं एक मूळ या बातमीपर्यंत जातं असं मी म्हटलं तर ग्रामपंचायतीतले लोक हसतात. हसू द्या.

आता रेल्वेचं बघा. इंग्रजांना कापूस हवा होता म्हणून रेल्वे घाईघाईने वऱ्हाडात शिरली हे खरं, पण ती नागपूरला पोचली १८६७ला. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. भाव होता तेव्हा गाडी नव्हती, गाडी आली तेव्हा भाव नव्हता. आमच्या भागातलं कुठलंही सरकारी काम बघितलं की मला हेच वाक्य आठवतं. पुढं १८६९ला सुएझ कालवा उघडला, १८७०ला मुंबई ते लंडन समुद्राखालून तार जोडली गेली, आणि त्याच वर्षी खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबहून फाटा निघाला, ज्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. व्हाइसरॉय खामगावला कशाला येईल? रुईच्या गाठींसाठी. ग्रीक व्यापाऱ्यांची राली ब्रदर्स, स्वित्झर्लंडची फोलकार्ट ब्रदर्स, असल्या पेढ्या वऱ्हाडात माल घ्यायला बसल्या. नंतर जपानी गिरण्याही आल्या. त्यांना आमचा आखूड धागा चालायचा. मुंबईतला माणूस वऱ्हाडात क्वचित यायचा, पण खामगावचा बाजार लिव्हरपूलकडे कान लावून बसायचा.

रेल्वेने कापूस नेला हे सगळे सांगतात. रेल्वेने काय बंद केलं हे फारसं कुणी सांगत नाही.

आमच्या गावाला लागून तांडा आहे. दारव्हा, दिग्रस, पुसद, मानोरा या पट्ट्यात गाव तिथं तांडा. तांड्यातले एक काका आमच्याकडे हमालांचे मुकादम होते, आता थकलेत. त्यांच्या बोलण्यात एकदा आलं, "बाई, आमी वावरवाले नाई. आमी बैलवाले." बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचे, फौजांच्या मागं धान्य पोचवायचं काम मुघलांच्या काळापासून त्यांचं. रेल्वेने तो धंदा बसवला. गाडीच्या एका वाघिणीपुढं बैल काय करणार. फिरणारी माणसं रिकामी झाली की सरकारला ती संशयित वाटू लागतात. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या कितीतरी भटक्या जमातींच्या कपाळी जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. बंजारा समाज महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. आणि याच समाजातले, आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. काकांच्या घरात त्यांचा फोटो आहे, सेवालाल महाराजांच्या शेजारी. हा तांडा इथं "पहिल्यापासून" आहे असं आमच्या गावातले लोक छातीठोकपणे सांगतात. पहिल्यापासून म्हणजे रेल्वेपासून, असं मी मनात म्हणते.

आमची स्वतःची रेल्वे म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटी रुळांवरची. खासगी इंग्रजी कंपनीने कापूस वाहायला टाकलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिलेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४पर्यंत ओढत होतं. माझ्या आईला ती गाडी म्हणजे माहेर. आता गाडी बंद आहे, रुळांवर बाभळी उगवल्यात, निवडणूक आली की ब्रॉडगेजचं आश्वासन निघतं. मँचेस्टर, त्याच लँकेशायरच्या गिरण्यांचं गाव, हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

रेल्वेपेक्षाही खोल गेला तो सातबारा. १८६०च्या दशकात वऱ्हाडात रयतवारी मोजणी सुरू झाली. प्रत्येक तुकड्याला नंबर, प्रत्येक नंबराला एक मालक, एक आकारणी. ऐकायला चांगलं. पण जमीन एका नावावर आली, म्हणजे ती गहाण टाकता आणि विकता येऊ लागली. कापसाला बियाणं लागतं, मजूर लागतो, पैसा आधी लागतो आणि माल दिवाळीनंतर येतो. मधल्या महिन्यांना सावकार. राजस्थानातून आलेल्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या वऱ्हाडात वाढल्या त्या याच काळात. गावातलं सगळ्यात जुनं पक्कं घर, सागवानी खांब आणि मधोमध चौक असलेलं, कुणाचं असतं? आमच्याकडे तरी ते पाटलाचं नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९००चे दुष्काळ आले तेव्हा ज्यांच्या वावरात ज्वारी नव्हती, नुसती पऱ्हाटी होती, त्यांना खायचं विकत घ्यावं लागलं. पीक नगदी असलं तरी माणसाच्या हातात नगद नव्हती.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर हा विषय संपणार नाही. वऱ्हाडी ठेच्याचा अभिमान आम्हाला फार. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी आणलेली. त्याआधी इथं तिखट म्हणजे मिरे-पिंपळी. ठेच्यात घालतो ते शेंगदाणेही दक्षिण अमेरिकेचे. भाकरीची ज्वारी आफ्रिकेतली, पण ती काही हजार वर्षांपूर्वी आली, म्हणून तिला आता आपली म्हणायला हरकत नसावी. आणि खर्रा! तंबाखू अमेरिकेची, सुपारी आग्नेय आशियाकडची. आमच्या काट्यावरच्या पोट्ट्यांच्या गालात दिवसभर दोन महासागर असतात. मी ओरडले की थुंकून येतात.

आई कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात सीतादही करते. पऱ्हाटीच्या झाडांमध्ये पाच दगड मांडायचे, हळदी-कुंकू वाहायचं, दहीभात झाडांवर शिंपडायचा, मग पहिलं बोंड तोडायचं. तिची आईही करायची, तिच्या आईची आईही. फक्त झाडं बदलली. पणजीच्या वावरात होता तो गावरान, आखूड धाग्याचा कापूस. आईच्या पुढ्यात आहे तो मध्य अमेरिकेत माणसाळलेल्या जातीचा, त्याचं बियाणं दरवर्षी पाकिटात विकत घ्यायचं, आणि २००२पासून त्यात बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक. लँकेशायरला जो लांब धागा आमच्याकडून मागून मागून मिळाला नव्हता, तो आता सगळ्या शिवारात आहे. लँकेशायरच्या गिरण्या मात्र बंद झाल्या. दहीभात शिंपडताना आईला यातलं काही सांगायला गेलं तर ती म्हणते, "देवाले काय करायचं बियाणं कोणतं हाये ते?" तिचंही खरं.

गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा बीटीचा जोर सरला आणि फवारणी वाढली. फवारणीचं नाव काढलं की आमच्या जिल्ह्यात आवाज खाली जातो. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. वापरलेल्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेट जातीचीही होती. ही जात कुठून आली? १९३०च्या दशकात गेरहार्ड श्राडर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ किडी मारायचं औषध शोधत होता. १९३६ला त्याच्या हाती टॅबून लागलं. ते किड्यांपेक्षा माणसांना मारायला जास्त उपयोगी निघालं आणि लष्कराने ते उचललं. एकाच कुळातली दोन भावंडं: एक युद्धाच्या गोदामात गेलं, दुसरं शेतात आलं. दोन्ही मज्जातंतूंवरच घाव घालतात. आमच्या ओळखीच्या एका घरातला पोरगा त्या वर्षी वाचला, पण कितीतरी दिवस त्याला डोळ्यांपुढे धूसर दिसायचं. त्याच्या हातात मोजे नव्हते, तोंडावर दुपट्टा होता, आणि पाठीवरच्या पंपाचा फवारा वाऱ्याने त्याच्याच अंगावर येत होता. औषधाच्या डब्यावरची सूचना मुंगीएवढ्या अक्षरात होती.

युरियाची गोष्टही अशीच. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मनीची नाकेबंदी केली आणि चिलीचा सोरा बंद झाला. सोऱ्याशिवाय दारूगोळा नाही. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची फ्रिट्झ हाबरची पद्धत १९१३पासून कारखान्यात चालू होती. ती मग युद्धाला जुंपली. हाच हाबर १९१५च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडायला जातीने हजर होता, आणि १९१८चं नोबेल त्यालाच. आज जूनमध्ये कृषी केंद्रापुढे त्याच अमोनियापासून होणाऱ्या युरियाच्या गोण्यांसाठी जी रांग लागते तिच्यात मी पुष्कळदा उभी राहिले आहे. लिंकनच्या नाकेबंदीने आम्हाला कापूस लावला, जर्मनीच्या नाकेबंदीने त्याचं खत पक्कं केलं.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर २०२२ घ्या. कोरोनानंतर मागणी उसळली, आपल्याकडे पीक कमी, मे महिन्यात खंडी लाखाच्या वर गेली. कापूस क्विंटलला बारा-तेरा हजार. जिनिंगमध्ये आम्ही सगळे चक्रावलो होतो. माझ्या बाबांनी तेव्हा फेब्रुवारीतच माल विकून टाकलेला. पुढच्या हंगामात त्यांनी ठरवलं, आता थांबायचं. त्यांनीच नाही, सगळ्या विदर्भाने ठरवलं. घराची मधली खोली आढ्यापर्यंत भरली. मग देवघराची भिंत तेवढी सोडून दुसरी. आईची खाट सपरीत आली. उन्हाळा लागला तशी कापसातून बारीक किडे निघू लागले, सगळ्यांना खाज, भाच्याच्या हातापायांवर लाल पुरळ. डॉक्टर म्हणाले कापूस बाहेर काढा, बाबा म्हणाले डॉक्टर बदला. मांजरीने त्यातच पिलं घातली. रोज संध्याकाळी मी घरी आले की पहिला प्रश्न, "न्यू यॉर्क काय म्हंते?"

न्यू यॉर्क म्हणजे तिथला वायदा, सेंट प्रति पौंड. तो आता सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. १८६५ला बातमी मुंबईच्या पेढीला आधी कळायची, वऱ्हाडातल्या माणसाला सगळ्यात शेवटी, आणि मधल्या काळात जे कमवायचे ते कमवून जायचे. आता बाबांना आणि शेठला एकाच मिनिटाला कळतं. पूर्वी मला वाटायचं, हा फरक फार मोठा आहे. पण शेठकडे गोदाम आहे, बँकेची लिमिट आहे, वायद्यात उलटा सौदा टाकून ठेवायची सोय आहे. बाबांकडे मधली खोली आहे. मे महिन्यात पेरणीच्या पैशासाठी कापूस काढावाच लागला, सात हजारांच्या आसपास गेला. त्याच आठवड्यात आमच्या काट्यावर रांग गावाबाहेर गेली होती. सगळ्यांच्या खोल्या एकदमच रिकाम्या होत होत्या.

२०२५च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के कर लावला. कापडगिरण्यांना झळ बसू नये म्हणून आपल्या सरकारने कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. डिसेंबरअखेर म्हणजे आमचा माल घरात यायचा ऐन काळ. गावात पारावर लोक ट्रम्पला शिव्या देत होते, अगदी नावानिशी, शेजाऱ्याला द्याव्यात तशा. एक म्हातारे म्हणाले, "मले सांगा, वॉशिंग्टनात थ्यानं शिंकलं तर नाक आमचं कायले पुसा लागते?" त्यांचा मुलगा बारावीला आहे. त्याला मी म्हटलं, यादवी युद्धाचा धडा आला की हा प्रश्न पेपरात लिही.

आता मँचेस्टर. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका बघितल्यात का कधी? साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला दुपट्टा, कमरेला ओटी. बोंडाची टोकं हाताला ओरबाडतात म्हणून शर्ट. शर्ट पॉलिस्टरचा, साडी पॉलिस्टरची, ओटीसुद्धा जुन्या पॉलिस्टरच्या साडीची. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर सुताचा धागा शोधून सापडत नाही. पॉलिस्टर टिकतं, वाळतं लवकर, पडतं स्वस्त. हा धागा १९४१ला इंग्लंडात शोधला गेला, व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी. ते नोकरीला होते कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्या कंपनीत. मँचेस्टरच्या. ज्या गावाने आमच्याकडे कापूस लावला, शकुंतलेला इंजिन दिलं, त्याच गावच्या पगारावर कापसाचा वैरी निघाला. वर्ध्याला, आमच्यापासून फार लांब नाही, १९३६पासून गांधीजी सेवाग्रामात राहून चरख्यावर सूत काततच होते.

यंदा बाबा वैतागले. म्हणाले, पुरे झालं पांढरं सोनं, अर्धं वावर सोयाबीनले देतो. मी म्हटलं, बाबा, सोयाबीनचा वायदा शिकागोत ठरतो, पेंड ब्राझील-अर्जेंटिनाची स्वस्त पडते आणि तेल मलेशियाहून येतं.

"मंग तूर."

"तूर मोझांबिकहून येते. म्यानमारमधूनही."

"हे मोझांबिक कुठीसा हाये?"

आफ्रिकेत, म्हटलं. ते जरा वेळ धुऱ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "थ्यायच्या कास्तकारालेबी भाव भेटत नसन," आणि बियाण्याच्या पाकिटांची यादी करायला मला पेन आणायला लावला. अर्धं सोयाबीन, चार ओळी तुरीच्या, बाकी कापूस.